आप्पांच्या मागावरचा लेख चार पानांवर अडकलाय, सहा आठवडे झाले, पुढे सरकतच नाहीये

आडवाधागा:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मूळची इचलकरंजीची, सध्या पुण्यात असते, एका ऑफिसात अकाउंट्स बघते. कॉलेजात असताना थोडंफार लिहायचे, नंतर लग्न, मुलगी, नोकरी यात सगळं मागे पडलं. यावर्षी आमच्या भागातल्या एका छोट्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी विचारलं की यंत्रमागाच्या घरात वाढलेल्या माणसाचा लेख हवाय, तुम्ही द्याल का, १८०० शब्द, १५ ऑगस्टपर्यंत. मी एका मिनिटात हो म्हटलं कारण हा विषय माझ्या पोटातलाच आहे. माझे वडील, आप्पा, आयुष्यभर माग चालवत आले. आधी दुसऱ्याच्या कारखान्यात आणि मग १९८९ पासून स्वतःचे चार माग, घराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये. मी त्या खडखडाटात अभ्यास केलाय, त्यातच झोपलेय. रात्री लाईट गेली आणि माग थांबले की आम्ही भावंडं दचकून उठायचो. बाकीच्यांना आवाजाने जाग येते, आम्हाला शांततेने यायची.

आणि आता लिहायला बसलं की काहीच नाही. पहिली चार पानं झाली, त्यात शहर, माग, आप्पांचा दिवसभराचा क्रम असं सगळं आलं. आता शेवटचा भाग राहिलाय. आप्पांनी २०१५ मध्ये चारही माग भंगारात विकले तो दिवस. तिथे येऊन मी सहा आठवडे थांबलेय. रोज रात्री साडेदहाला सगळी निजानीज झाली की लॅपटॉप उघडते, पहिल्यापासून चार पानं वाचते, दोन शब्द बदलते, एक वाक्य खोडते, परत ते होतं तसं करते, पावणेबारा वाजतात, बंद करते. अप्पा बळवंत चौकातून नवीन वही आणि चांगलं पेन पण आणलं, वही कोरीच आहे. एका रविवारी मुलीला आईकडे सोडल्यासारखं नणंदेकडे सोडून दिवसभर वाचनालयात जाऊन बसले, तिथे दुसऱ्यांचे चांगले चांगले लेख वाचून आले आणि आपलं वाचून जास्तच पडल्यासारखं वाटलं.

संपादकांना नाही म्हणून कळवायचं का? मन होत नाहीये. आप्पा ७४ चे आहेत, मागाच्या आवाजाने कान जवळजवळ गेलेत, त्यांच्या हातात तो अंक द्यायची फार इच्छा आहे. तुमच्यापैकी कोणाचं असं झालं असेल तर काय केलंत ते सांगा प्लीज.

डाकआवृत्ती:

ताई, नाही कळवू नका. आधी एक करा, तुमच्या लेखाचा पहिला परिच्छेद जसाच्या तसा इथे टाका. न सुधारता.

बाजीरावांची_पेठ:

दिसामाजी काहीतरी ते लिहावे, समर्थ सांगून गेलेत. पुढचा चरण लोक विसरतात, प्रसंगी अखंडित वाचीत जावे. दोन्ही चालू ठेवा, सुटेल.

आडवाधागा:

@डाकआवृत्ती, टाकते. लाज वाटतेय पण टाकते.

‘महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणून सुपरिचित असलेल्या इचलकरंजी नगरीमध्ये १९०४ साली पहिल्या यंत्रमागाचे आगमन झाले. तेव्हापासून आजतागायत या वस्त्रनगरीने अनेक स्थित्यंतरे अनुभवली आहेत. माझे वडील या व्यवसायामध्ये तब्बल चार दशके कार्यरत होते. त्यांच्या अथक परिश्रमांचा वारसा आम्हा भावंडांस लाभला हे आमचे भाग्यच म्हणावे लागेल.’

डाकआवृत्ती:

धन्यवाद. लाज वाटायचं काहीच कारण नाही, यात एकही माहिती चूक नाही आणि शुद्धलेखन पण नीट आहे. पण मी बावीस वर्षं एका जिल्ह्याच्या पेपरमध्ये उपसंपादक होतो आणि त्या अनुभवावरून सांगतो, तुमचा लेख सहा आठवड्यांपूर्वी अडकलेला नाही, तो या पहिल्या परिच्छेदातच अडकलाय, चार पानं तुम्ही त्याला नेटाने ओढत आणलंत एवढंच.

तुमचा प्रश्न परत वाचा. त्यात तुम्ही आम्हाला लिहिलंत, बाकीच्यांना आवाजाने जाग येते, आम्हाला शांततेने यायची. हे वाक्य वाचून मी दोन मिनिटं थांबलो. हे वाक्य लेखात आहे का? मला खात्री आहे की नाही. कारण लेखात तुम्ही ‘आम्हा भावंडांस’ म्हणताय आणि जे माणूस ‘भावंडांस’ म्हणतं ते रात्री लाईट गेल्यावर दचकून उठत नाही. तुम्ही घरात कधी म्हणालात का की आप्पा या व्यवसायात कार्यरत आहेत? आप्पा माग चालवायचे. बस. ‘कार्यरत’ म्हटल्याबरोबर आप्पांच्या अंगावरचा बनियन, डोक्यातला कापसाचा भुगा, सगळं गायब होतं आणि एक शासकीय अहवाल उरतो.

हे आपल्याकडे फार जणांचं होतं आणि ते शाळेपासून अंगात मुरलेलं असतं. बोलताना एक मराठी आणि हातात पेन आलं की दुसरी. आमच्याकडे तालुक्याचे वार्ताहर असायचे. ते आधी फोनवर बातमी सांगायचे, ‘अहो पुलावरनं ट्रॅक्टर खाली गेला, उसाचा होता, ड्रायव्हर पोहून वर आला आणि वर येऊन पहिल्यांदा बैलगाडीवाल्याला शिव्या घातल्या.’ ऐकताना चित्र दिसायचं. आणि तासाभराने तीच बातमी फॅक्सने यायची, ‘सदर ट्रॅक्टर पुलावरून कोसळला असून सदर चालक सुखरूप असल्याचे समजते.’ तोच माणूस, तीच घटना. मी नंतर नंतर फॅक्स बाजूला ठेवायचो आणि फोन लावून म्हणायचो, परत सांगा, मी लिहून घेतो. त्या बातम्या लोक कापून ठेवायचे.

थकवा येतो तो या भाषांतराने. डोक्यात बोलीत येतं, बोटांपर्यंत पोचताना त्याचं ग्रांथिक करायचं, मग ते बरोबर झालं का बघायचं. चार पानं एवढं ओझं वाहिलं, शेवटचा भाग तर मनाला लागलेला, तिथे ते पेलणार कसं? तुम्ही १९०४ चा परिच्छेद सरळ कापून दुसऱ्या फाईलमध्ये ठेवा, फेकू नका, एखादं वाक्य पुढे कुठेतरी कामाला येईल. आणि लाईट गेली तिथून सुरू करा.

पाठपोट:

वरच्यांशी शंभर टक्के सहमत. मी भाषांतराची कामं करतो, दिवसाला ठराविक पानं दिली नाहीत तर घर चालत नाही, म्हणून माझं थोडं व्यवहाराचं सांगतो.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकलं ते साडेदहा आणि ‘पहिल्यापासून वाचते’. दिवसभर आकडे बघून, स्वयंपाक करून, मुलीला झोपवून मग साडेदहाला तुम्ही स्वतःच्या लेखाच्या परीक्षक होऊन बसता. त्यावेळी अंगात लिहायची ताकद नसते, चुका काढायची मात्र असते कारण तुम्ही दिवसभर तेच काम केलेलं असतं, हिशेबात चूक शोधायचं. लिहिणारं माणूस आणि तपासणारं माणूस एका खुर्चीत एका वेळी बसवू नका. मी जुनी पानं उघडतच नाही. रोज नवीन फाईल, तिच्यात वर फक्त कालचं शेवटचं वाक्य कॉपी करून आणतो आणि तिथून पुढे. सगळं जोडायचं ते शेवटी, एकदाच.

वेळ सकाळची घ्या, वीस मिनिटं पुरे. ट्रोलप नावाचा इंग्रज कादंबरीकार एकोणिसाव्या शतकात टपाल खात्यात नोकरी करायचा. सकाळी साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द, आणि मग ऑफिस. अशा चाळीसच्या वर कादंबऱ्या झाल्या त्याच्या. आपल्याला तेवढं नको, पण घड्याळ समोर असण्याचा एक फायदा आहे, वीस मिनिटं संपली की उठायचं हे आधीच ठरलेलं असतं त्यामुळे बसायची भीती कमी होते. टोमॅटोच्या आकाराचं किचनमधलं टायमर घेऊन पंचवीस पंचवीस मिनिटं अभ्यास करायची ती पोमोडोरो पद्धत पण त्यातलीच, एका इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकात स्वतःसाठी काढलेली. मी कुकरच्या शिट्ट्यांवर पण काम केलंय, काहीही चालतं.

अजून एक बारीक गोष्ट पण माझ्यासाठी फार मोठी ठरली. वर्डमध्ये मराठी लिहिताना प्रत्येक दुसऱ्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ येते. तुम्ही ‘कांडी’ लिहाल, ‘धोटा’ (कांडीवरचा आडवा धागा इकडून तिकडे नेणारा मागाचा लाकडी भाग) लिहाल, लाल. ‘आप्पा’ लाल. मनाला कळतं की ते यंत्र आहे, पण डोळ्याला मात्र मास्तरांनी वही परत दिल्यासारखं वाटत राहतं. सेटिंगमध्ये जाऊन ते स्पेलिंग तपासणं बंदच करून टाका. बंद केल्यावर पहिल्याच दिवशी माझी पानं वाढली, खरं सांगतो.

आणि थांबताना परिच्छेद पूर्ण करून थांबू नका. पुढचं काय येणार ते माहीत असतानाच, वाक्य अर्धं ठेवून उठा. हेमिंग्वेही हेच सांगायचा, पुढे काय होणार ते ठाऊक असतानाच थांबायचं. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी गाठ पडत नाही, अर्ध्या वाक्याशी पडते आणि ते पूर्ण करावंसं वाटतंच.

आडवाधागा:

किती मनापासून लिहिलंय तुम्ही सगळ्यांनी, ऑफिसात डबा खाताना वाचलं आणि डोळ्यात पाणी आलं.

@पाठपोट, अर्ध्या वाक्यावर थांबायचं वाचून एकदम आठवलं. मागावर बीम, म्हणजे उभं सूत गुंडाळलेला रूळ, संपत आलं ना की आप्पा ते सूत पूर्ण निघून जाऊ द्यायचे नाहीत. जुन्या बीमची टोकं वही-फणीतून, म्हणजे मागाचे धागे वरखाली करणाऱ्या आणि ठोकून बसवणाऱ्या भागांतून, ओवलेली तशीच ठेवायची, नवीन बीम लावायचं आणि नव्या सुताचं एकेक टोक जुन्याला गाठ मारून जोडायचं. मग हळूच माग पुढे घ्यायचा, सगळ्या गाठी फणीतून पलीकडे गेल्या की झालं, विणकाम सुरू. एकदा का ओवलेलं सगळं निघून गेलं तर हजारो धागे नव्याने एकेक करून ओवायला लागतात, दिवस जातो. हे मी लहानपणी शंभर वेळा बघितलंय. आणि लिहिताना मात्र रोज सगळं ओवलेलं काढून टाकत होते.

उद्या सकाळी पावणेसहाला बसून बघते. लाल रेघा आत्ताच बंद केल्या.

शारजाहून:

ताई मी एक वेगळी गोष्ट सुचवतो, तुम्ही लिहूच नका, बोला.

मी इथे साईटवर असतो, लिहायला टेबल नाही की वेळ नाही. तरी गेल्या दोन वर्षांत आमच्या गावावर पंधरा सोळा छोटे लेख झाले ते सगळे फोनला सांगून. गुगलच्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा घ्यायची, माईकचं बटन दाबायचं आणि बोलायचं. संध्याकाळी चालताना बोलतो. विरामचिन्हं येत नाहीत, कधी कधी शब्द भलताच येतो, तुमचा ‘धोटा’ तर ‘छोटा’ होणार हे आत्ताच सांगून ठेवतो, पण ते नंतर बसून दुरुस्त करता येतं. मुख्य म्हणजे बोलताना ‘कार्यरत’ तोंडातून येतच नाही, येऊच शकत नाही.

पण नुसतं हवेत बोलू नका, कोणाला तरी सांगताय असं धरा. मी माझ्या धाकट्या बहिणीला सांगतोय असं धरतो, तिला सगळं माहीत असतं म्हणून माहितीचं फुकट भरताड घालायला लागत नाही आणि ती लगेच पकडते की दादा हे असं नव्हतं.

आणि बोलून लिहिणं कमी दर्जाचं असं मनात पण आणू नका, आपल्याकडे तर ही मोठी परंपराच आहे. ज्ञानेश्वरांनी सांगितलं आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं, ग्रंथाच्या शेवटी तसं आहे बघा, ‘सच्चिदानंदबाबा आदरें, लेखकु जाहला’. विनोबांची गीता प्रवचनं म्हणजे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी कैद्यांसमोर बोललेले अठरा अध्याय. साने गुरुजी तिथेच होते, त्यांनी ते लिहून घेतले म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतात. वाचताना आजही समोर बसून ऐकल्यासारखंच वाटतं, कारण ते आधी बोललं गेलंय. तुमचा आवाज फोन लिहून घेईल, काय बिघडलं?

रात्रपाळी:

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका कोणी. वरचे सगळे उपाय चांगले आहेत, मी वापरलेत. पण माझा स्वतःचा एक लेख तीन वर्षं थांबला होता आणि त्यात ना टायमर कामाला आला, ना सकाळ, ना बोलणं. मी नर्स आहे, रात्रपाळीतल्या एका प्रसंगावर लिहीत होते. प्रत्येक वेळी एका जागेवर येऊन पेन थांबायचं आणि मला वाटायचं माझ्यातलं लिहिणंच संपलं. शेवटी लक्षात आलं की मला त्या रात्री पुढे काय झालं ते माहीतच नव्हतं, माझी ड्युटी संपली होती आणि मी घरी गेले होते. जे मी पाहिलंच नाही ते मी पाहिल्यासारखं लिहायला बघत होते आणि हात बिचारा नाही म्हणत होता. पुढच्या पाळीवरच्या सिस्टरांशी बोलले आणि चार दिवसात लेख झाला.

लिहीत रहा, थांबू नका, हा सल्ला गणपतीचा आहे. व्यासांना त्याने अट घातली होती ना, सांगताना मध्ये थांबायचं नाही, थांबलात तर मी उठलो. पण त्यावर व्यासांनीही अट घातली, अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही. आणि मध्ये मध्ये असे अवघड श्लोक घातले की गणपतीला विचार करावा लागायचा आणि तेवढ्यात व्यासांना पुढचं जुळवायला वेळ मिळायचा. म्हणजे व्यासांना पण थांबायला लागत होतं हो, आपण कोण. थांबणं म्हणजे दरवेळी आळस किंवा भीती नसते.

म्हणून ताई तुम्हाला विचारते. आप्पांचा दिवसभराचा क्रम तुम्ही लिहू शकलात कारण तो तुम्ही रोज बघितला होता. माग विकले तो दिवस, त्या दिवशी तुम्ही तिथे होतात का?

आणि एक बाजूला सांगते, नुसतं लिहिणंच नाही तर झोप, जेवण, माणसांशी बोलणं सगळंच थांबल्यासारखं वाटत असेल कधी, तर त्याला लेखकाची अडचण समजून घरात बसू नका, डॉक्टरांना दाखवा. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही पण इथे बाकीचे पण वाचतात म्हणून.

आडवाधागा:

@रात्रपाळी, तुमचा प्रश्न वाचून मी बराच वेळ नुसती बसले होते.

नव्हते मी तिथे. २०१५ मध्ये मी पुण्यातच होते, मुलगी आठ महिन्यांची होती. मला फोनवर कळलं, ‘माग दिले’ एवढंच. पण माझ्या डोक्यात इतक्या वर्षांत एक चित्र तयार झालंय, आप्पा शेडच्या दारात उभे आहेत, भंगारवाल्याची पोरं घण मारून माग सोडवतायत आणि आप्पा बघतायत, डोळे भरलेले. मी तेच लिहायला बघत होते. सतरा वेळा लिहिलं आणि सतरा वेळा ते सिनेमासारखं वाटलं म्हणून खोडलं.

शनिवारी गावी जाऊन येते. मग सांगते.

डाकआवृत्ती:

नक्की जा. जाताना प्रश्न लिहून नेऊ नका, एकच न्या. आणि आईंनाही विचारा, फक्त आप्पांना नको.

आडवाधागा:

आले जाऊन. खूप लांब होणार आहे हे, पण तुम्हाला सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आप्पांना ऐकू येत नाही आणि मशीन ते कानात ठेवत नाहीत, म्हणून त्यांच्याशी काही नीट बोलायचं तर आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पानांमागे मोठ्या अक्षरात लिहून दाखवतो. मी लिहिलं, ‘माग नेले त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं?’ त्यांनी चष्मा लावून वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘मी कुठं हुतो त्या दिवशी? मी मिरजेला. डोळ्याचं आपरेशन नव्हतं का माझं? तुझ्या आईनं दिले की माग.’

मला काही सुचेना. दहा वर्षं मी ज्या दारात त्यांना उभं केलं होतं तिथे ते नव्हतेच.

आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. तिला विचारलं तर तिने मान वर न करता सगळं सांगितलं, जसं काही मी कालचा बाजार विचारला. आप्पा चार दिवस मिरजेला असणार हे बघून तिनेच भंगारवाल्याला बोलावलं होतं. ठरलं होतं दोघांचं, पण ते असले तर देणार नाहीत, रोज उद्या उद्या म्हणतील हे तिला माहीत होतं. स्वतः काट्यापाशी उभं राहून तिने एकेक मागाचं वजन करून घेतलं, २२ रुपये किलो, वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेलं अजून आहे तिच्याकडे, चार ओळी, खाली बेरीज. मी अकाउंट्सचं शिकले पण ती बेरीज बघून मला जे झालं ते मला सांगता येत नाही.

मग म्हणाली, ‘लाकूड घेईना तो. धोटे तसेच राह्यले पाटीभर. मग टोकाची लोखंडं काढली, ती दिली, आणि लाकूड घातलं बंबात. आठ दिवस पाणी तापलं त्याच्यावर.’

मी विचारलं, आप्पा आल्यावर?

‘आले की. आंघोळ केली. म्हणाले, पाणी आज चांगलं कडक हाय. मी काय बोलले न्हाई.’

आप्पांना हे आजही माहीत आहे की नाही मला माहीत नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, धोटा जळताना वास येतोय तेलाचा, चाळीस वर्षं हातात धरलेला माणूस वळखणार न्हाई व्हय.

रविवारी रात्री एसटीत बसल्या बसल्या @शारजाहून दादांनी सांगितलं तसं फोनला सांगत आले, हळू आवाजात, शेजारच्या बाई झोपल्या होत्या. धाकट्या भावाला सांगतेय असं धरलं. कराडच्या पुढे आल्यावर बघितलं तर नऊशेच्या वर शब्द. धोट्याचा छोटा झालाय सगळीकडे, खरंच. सोमवारपासून रोज सकाळी वीस मिनिटं बसून तेच नीट करतेय. आता सुरुवात अशी आहे, बघा कशी वाटते:

‘आमच्या घरी रात्री लाईट गेली की सगळे जागे व्हायचे. शेडमधले चार माग एकदम थांबायचे आणि त्या शांततेने आम्ही भावंडं दचकून उठून बसायचो. आप्पा अंधारातच उठायचे, शेडमध्ये जायचे, एकेका मागाला हात लावून यायचे. आई झोपेतच विचारायची, किती वेळ? आप्पा म्हणायचे, काय सांगावं. २०१५ साली माग गेले तेव्हा मी पुण्यात होते आणि आप्पा मिरजेला. जाग फक्त आईला आली असणार.’

पाठपोट:

शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. याला हात लावू नका आता. पुढे जा.

रात्रपाळी:

ताई, बंबाचा प्रसंग लेखात घेणार का? म्हणजे आप्पा वाचणार आहेत म्हणून विचारते. आधी आईंना विचारा एकदा.

आडवाधागा:

@रात्रपाळी, हाच विचार माझ्या मनात पण होता, काल फोनवर विचारलं. आई म्हणाली, लिही, मी काय चोरी केली न्हाई. आणि मग थोडं थांबून म्हणाली, त्यांना मी वाचून दाखवते. त्यांना ऐकू येत नाही हे ती विसरली नव्हती, ती त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बोलते आणि त्यांना तिचं कळतं, आमचं कळत नाही.

संपादकांना आज फोन केला, १५ च्या आत देते म्हणून सांगितलं. अकराशे शब्द झालेत. १९०४ चं वाक्य शेवटी आत आलं, पण एवढंच, ‘गावात पहिला माग १९०४ ला आला, आमच्या घरचा शेवटचा २०१५ ला गेला.’

एक विचारायचं राहिलं. धोट्याच्या दोन्ही टोकांना जे लोखंडाचं अणकुचीदार बसवलेलं असतं, जे आईने काढून भंगारात दिलं, त्याला नक्की काय म्हणतात? आई ‘टोपण’ म्हणते, आप्पा म्हणतात तसं काही नाही, त्याला नुसतं ‘टोक’च म्हणायचे. मालेगाव, भिवंडी, सोलापूरकडचं कोणी असेल इथे तर तुमच्याकडे काय म्हणतात सांगा ना. आज सकाळी त्याच वाक्यात थांबलेय, उद्या पावणेसहाला तिथूनच उचलायचंय.